वंगणाची साक्ष : जहाजावरील यंत्रांची स्थितीनुसार देखभाल

प्रस्तावना

मोठ्या मालवाहू जहाजाच्या मुख्य इंजिनाचा एक पिस्टन बाहेर काढायचा, तर इंजिनरूममधल्या माणसांचा अख्खा दिवस त्यात जातो. आधी इंजिन थंड व्हावे लागते. मग सिलिंडर कव्हरला जोडलेले इंधनाचे, पाण्याचे आणि हवेचे नळ सोडवायचे, कित्येक टनांचे ते कव्हर क्रेनने उचलायचे, पिस्टनरॉड खालून मोकळा करायचा आणि माणसाहून उंच असा तो पिस्टन रॉडसकट वर ओढून घ्यायचा. रिंगा बदलतात, लायनरचा व्यास वरपासून खालपर्यंत ठरलेल्या जागी मोजतात आणि सगळे साफ करून उलट्या क्रमाने पुन्हा बसवतात. हे काम बंदरातल्या मुक्कामात किंवा नांगरावर उरकावे लागते, कारण भर समुद्रात इंजिन बंद ठेवणे सहसा परवडत नाही. एवढा खटाटोप करून काढलेल्या रिंगा अजून काही हजार तास सहज चालल्या असत्या, असे पुष्कळदा आढळते. मग त्या काढल्या कशासाठी? तर इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तकात तेवढे तास लिहिले होते म्हणून.

यंत्रांची देखभाल तीन रीतींनी होते. पहिली, बिघडले की दुरुस्त करायचे. जोडीला राखीव पंप असलेल्या एखाद्या किरकोळ पंपाच्या बाबतीत ही रीत शहाणपणाचीही ठरते. बिघाडाने कोणाच्या जिवावर बेतत नाही आणि काम अडत नाही. दुसरी, ठरलेल्या तासांनी किंवा महिन्यांनी यंत्र उघडायचे. ‘प्लॅन्ड मेंटेनन्स’ या नावाने ती जहाजांवर सर्वत्र रुळली आहे. तिसरी, यंत्राची आजची स्थिती तपासायची आणि ती सांगेल तेव्हा हात घालायचा. हिलाच कंडिशन-बेस्ड मेंटेनन्स, म्हणजे स्थितीनुसार देखभाल, म्हणतात. तिच्यात वेळापत्रक नाहीसे होत नाही. उघडण्याचे वेळापत्रक जाते आणि तपासण्याचे येते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे ‘यंत्राला हात लावायचा नाही, नुसते बघत राहायचे’ अशी या पद्धतीची चुकीची ओळख अनेकांना होते.

स्थिती पाहून निर्णय घेण्याची कल्पना मुळात जुनी आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर भट्टी पेटती ठेवणारा तो आगवाला आणि बेअरिंगांना तेल देणारा तो तेलवाला, असे हुद्दे होते. तेलाची झारी घेऊन फिरणारा माणूस गरगरणाऱ्या क्रँकच्या गतीशी हाताची लय जुळवून बेअरिंगला क्षणभर स्पर्श करी. हाताला नेहमीपेक्षा अधिक ऊब लागली, की तेल वाढवायचे किंवा वरिष्ठाला सांगायचे. आवाज, वास आणि स्पर्श ही त्याची उपकरणे होती. डिझेल इंजिने आली, क्रँककेस चहूबाजूंनी बंद झाले आणि हात घालायला जागा उरली नाही. आतली हकीकत बाहेर आणण्याचे काम मग तापमापकांवर, दाबमापकांवर आणि आतून फिरून येणाऱ्या तेलावर आले.

वेळापत्रकाने यंत्र उघडण्याच्या सवयीला पहिला मोठा धक्का विमानांनी दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांचे सहकारी बॉम्बर विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासत होते. ठरलेल्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात तपासणी होताच ते वाढत आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू उतरत. नीट चाललेल्या भागांना हात लागल्याने नवे दोष शिरत होते. पुढे १९७८ मध्ये स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात प्रवासी विमानांच्या भागांचा हिशेब मांडला. ठरावीक वय झाल्यावर बदलल्याने ज्यांचा फायदा होऊ शकेल असे भाग जेमतेम ११ टक्के निघाले. उरलेल्या ८९ टक्क्यांच्या बाबतीत वयाची मर्यादा निरुपयोगी होती. जहाजाचे इंजिन म्हणजे विमान नव्हे आणि हे आकडे जसेच्या तसे इंजिनरूमला लावता येत नाहीत. पण गॅस्केट नीट न बसणे, बोल्ट कमी-जास्त आवळला जाणे, उघड्या नळीत चिंधी राहून जाणे हे अनुभव कोणत्याही मरीन इंजिनिअरला परके नाहीत.

स्थितीनुसार देखभाल एका साध्या गृहीतावर उभी आहे: बहुतेक बिघाड अचानक होत नाहीत. दोष सुरू होतो, काही काळाने तो कोणत्या तरी खुणेने ओळखता येऊ लागतो आणि त्यानंतर आणखी काही काळाने यंत्र काम देईनासे होते. खूण दिसू लागल्यापासून यंत्र निकामी होईपर्यंतचा हा अवधी या शास्त्राचा कणा आहे. तपासण्यांमधले अंतर या अवधीपेक्षा बरेच कमी असावे लागते. एखाद्या बेअरिंगचा दोष दिसल्यापासून ते निकामी होईपर्यंत दोन महिने जात असतील, तर तीन महिन्यांनी घेतलेला नमुना दोष हुकवू शकतो. आणि अवधी काही मिनिटांचाच असेल, तर नमुन्याचा उपयोगच नाही. तेथे चोवीस तास जागा असणारा गजर हवा.

जहाजावर स्थिती जाणण्याची साधने अनेक आहेत. इंडिकेटर डायग्राम प्रत्येक सिलिंडरमधल्या ज्वलनाचा दाब दाखवतो. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या स्कॅव्हेंज पोर्टमधून बॅटरी आणि आरसा घेऊन पाहिले, तर पिस्टन न काढताही रिंगा तुटल्या आहेत का, लायनरवर ओरखडे आहेत का, हे दिसते. क्रँकशाफ्टचे डिफ्लेक्शन मोजून मुख्य बेअरिंगांची रांग सरळ आहे की नाही, ते कळते. कंपनमापनाने मोटर, पंप आणि टर्बोचार्जर यांच्या बेअरिंगांचे व तोलाचे दोष सापडतात. उष्णता टिपणारा कॅमेरा विजेच्या पॅनेलमधला सैल झालेला जोड दाखवतो. यांतले कोणतेही साधन एकटे पुरेसे नाही. विद्युतमोटरच्या ग्रीसवर चालणाऱ्या बॉल बेअरिंगाला तेलाचा नमुना नसतो. तेथे कंपन बोलते. उलट, मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे घेणाऱ्या अवाढव्य इंजिनाच्या पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांची झीज कंपनात सहजी उमटत नाही. तेथे तेल बोलते.

वंगणतेलाचे महत्त्व ते जागोजागी फिरते यात आहे. ते बेअरिंगांतून जाते, पिस्टन थंड करते, गिअरांवर उडते आणि टाकीत परत येते. वाटेत त्याला दोन प्रकारची माहिती चिकटते. एक त्याच्या स्वतःच्या प्रकृतीची: ते जुने झाले का, पातळ किंवा दाट झाले का, त्यातील रसायने संपत आली का. दुसरी यंत्राची: झिजलेल्या धातूचे कण, गळलेले पाणी, शिरलेले इंधन, बाहेरची धूळ. तेलाच्या तपासणीचे हे दोन हेतू वेगळे ठेवावे लागतात. तेल उत्तम असून यंत्र आजारी असू शकते आणि यंत्र ठणठणीत असून तेल बदलायला झालेले असू शकते. धातूंच्या कणांवरून यंत्राची स्थिती ओळखण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिनांसाठी रुळवली. तेथून ती लष्करी विमानांकडे आणि पुढे जहाजांकडे आली.

जहाजाचे कोणते तेल तपासायचे, हे कळायला इंजिनाची रचना माहीत हवी. मोठ्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिन बहुधा दोन-स्ट्रोक, क्रॉसहेड पद्धतीचे असते. त्यात सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यामध्ये पडदा असतो आणि पिस्टनरॉड त्यातल्या स्टफिंग बॉक्समधून खाली उतरतो. म्हणून अशा इंजिनाला दोन वेगळी तेले लागतात. सिलिंडर ऑइल लायनरवर थोडे थोडे सोडले जाते, एकदा वापरून संपते आणि उरलेसुरले काळे होऊन पिस्टनखालच्या जागेतून निचऱ्याला जाते. सिस्टिम ऑइल क्रँककेसमध्ये हजारो लिटरांनी भरलेले असते आणि प्युरिफायरमधून साफ होत वर्षानुवर्षे चालते. वीज बनवणारी जनरेटर इंजिने मात्र चार-स्ट्रोक, ट्रंक पिस्टनची. त्यांत हा पडदा नसतो, एकच तेल दोन्ही कामे करते आणि ज्वलनाची घाण थेट त्यात उतरते. दोन्ही इंजिनांच्या अहवालांना एकच फूटपट्टी लावणारा फसतो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत पहिला मान तेलाच्या दाटपणाचा, म्हणजे व्हिस्कॉसिटीचा. ती ४० किंवा १०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. दाटपणा वाढला, तर तेलाचे ऑक्सिडीकरण, काजळी किंवा जड इंधनाची गळती यांचा संशय येतो. कमी झाला, तर डिझेलसारखे हलके इंधन मिसळले असावे. हा संशय फ्लॅश पॉइंटने पडताळतात, कारण इंधन शिरले की तेलाची वाफ कमी तापमानालाच पेट घेते. पाण्याचे प्रमाण सिस्टिम ऑइलमध्ये सामान्यतः ०.२ टक्क्यांच्या आत ठेवतात. पाण्यामुळे तेलाचा थर तुटतो, गंज चढतो आणि टाकीत जिवाणूंची वाढही होते. तेलाला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला, तर कारण बहुधा हेच असते. बेस नंबर म्हणजे आम्लाला मारण्याची तेलाची शिल्लक ताकद. ती प्रति ग्रॅम तेलामागे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात. इंधनातल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनते, म्हणून जहाजाच्या तेलात हा आकडा मोटारगाडीच्या तेलापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो.

त्यानंतर मूलद्रव्यांचा तक्ता येतो. स्पेक्ट्रोमीटरमध्ये तेल अतितप्त ज्योतीत नेले, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देते आणि त्यावरून त्याचे प्रमाण कळते. लोह लायनर, रिंगा, गिअर किंवा शाफ्टमधून येते. कथील, शिसे आणि तांबे बेअरिंगांकडे बोट दाखवतात. क्रोमियम बहुधा रिंगांच्या मुलाम्याचे असते. व्हॅनेडियम आणि निकेल यंत्रात असोत वा नसोत, जड इंधनात ती असतातच. म्हणून ती दिसली, की इंधन किंवा ज्वलनाचा गाळ तेलात उतरतो आहे असे समजावे. सोडियमसोबत मॅग्नेशियम वाढले, तर समुद्राचे पाणी. सोडियमसोबत बोरॉन वाढले, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या गोड्या पाण्यातले गंजरोधक रसायन. सिलिकॉन धुळीचे असू शकते. त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमही चढले, तर तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या उत्प्रेरकाचे कठीण कण, म्हणजे ‘कॅट फाइन्स’, इंधनातून आल्याची शक्यता मोठी. हे कण लायनर आणि रिंगा सँडपेपरसारखे घासून काढतात. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या सिस्टिम ऑइलमध्ये कॅल्शियम आणि बेस नंबर हळूहळू चढू लागले, तर स्टफिंग बॉक्स झिजून वापरलेले सिलिंडर ऑइल खाली झिरपते आहे, असे निदान करता येते. अहवालातला एकेक आकडा वेगळा वाचला तर मुका असतो; जोडीने वाचला की अर्थ लागतो.

या तक्त्याची एक मोठी मर्यादा आहे. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला काही मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. त्याहून मोठे कण ज्योतीत पूर्ण जळत नाहीत. सावकाश होणारी झीज बारीक कण सोडते आणि ती तक्त्यात दिसते. पण बेअरिंगच्या पृष्ठभागाचे टवके उडू लागले किंवा गिअरचे दात खवले सोडू लागले, तर ते कण मोठे असतात, आणि बिघाड गंभीर होत असताना लोहाचा आकडा शांत राहू शकतो. म्हणून चुंबकीय कणांचा एकूण भार सांगणारा पीक्यू निर्देशांक सोबत पाहतात. संशय बळावला, तर फेरोग्राफी करतात. १९७० च्या दशकात पुढे आलेल्या या पद्धतीत तेलातले कण चुंबकाच्या साहाय्याने काचपट्टीवर ओळीने मांडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. लांब वळलेले तुकडे, चपटे खवले, गोल मणी या आकारांवरून झीज घासण्याने झाली की थकव्याने, ते ओळखतात. स्टिअरिंग गिअर आणि क्रेनच्या हायड्रॉलिक तेलात कणांची संख्याच मोजतात. आयएसओ ४४०६ या मानकात ती तीन आकड्यांनी लिहितात, उदाहरणार्थ १८/१६/१३. पहिला आकडा ४, दुसरा ६ आणि तिसरा १४ मायक्रॉनहून मोठ्या कणांचा. आकडा एकने वाढला, की कणांची संख्या साधारण दुप्पट झालेली असते.

सिलिंडरच्या निचऱ्यातले तेल हा पुष्कळ अभ्यासला गेलेला नमुना आहे. २००८ नंतर मंदी आणि महाग इंधनामुळे जहाजे मुद्दाम सावकाश चालवली जाऊ लागली. इंजिनावरचा भार कमी झाला, लायनर थंड राहू लागले आणि ज्वलनातले सल्फ्युरिक आम्ल लायनरच्या भिंतीवर दवासारखे साचू लागले. या ‘कोल्ड कोरोजन’मुळे लायनर अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजू लागले. निचऱ्याच्या तेलात दोन गोष्टी पाहिल्या, की याचा अंदाज येतो: बेस नंबर किती उरला आणि लोह किती आले. बेस नंबर घसरला आणि लोह चढले, तर तेल कमी पडते आहे किंवा त्याची आम्ल मारण्याची ताकद अपुरी आहे. तेलाचा पुरवठा टप्प्याटप्प्याने कमी करत प्रत्येक टप्प्यावर नमुना घेतला, की त्या इंजिनाला नेमके किती तेल पुरते, ते ठरवता येते. १ जानेवारी २०२० पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली आणि चित्र पुन्हा बदलले. आता आम्ल कमी आणि तेलातला अल्कली जास्त, अशी उलटी अडचणही उभी राहते. न वापरलेले कॅल्शियम पिस्टनच्या माथ्यावर कठीण थर होऊन बसते आणि लायनरला घासते. एकच तेल सदासर्वकाळ योग्य, ही समजूत येथे मोडते.

जहाजाच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, शाफ्टला आधार देणाऱ्या स्टर्न ट्यूबमध्ये तेलाच्या साक्षीला नियमांचेही वजन आहे. हा शाफ्ट पूर्वी ठरावीक वर्षांनी बाहेर ओढून पाहावा लागे, आणि त्यासाठी जहाज सुक्या गोदीत न्यावे लागे. आता तेलाचे नमुने सहा महिन्यांच्या आत नियमित तपासले, बेअरिंगचे तापमान आणि तेलाचा खप नोंदवला आणि सगळे समाधानकारक राहिले, तर जहाजांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्था शाफ्ट न काढता पुढची मुदत देतात. दर्यावर्दी माणसे या संस्थांना नुसते ‘क्लास’ म्हणतात. १९७५ साली स्थापन झालेली मुंबईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही त्यांपैकीच एक. इंजिनरूममधल्या इतर यंत्रांची तपासणीही पाच वर्षांच्या चक्रात वाटलेली असते, आणि मान्य झालेली स्थिती-निरीक्षणाची व्यवस्था असेल तर यंत्र उघडण्याऐवजी नोंदी दाखवून काही तपासण्या पूर्ण करता येतात. आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहितेचे दहावे प्रकरण जहाजाच्या आणि यंत्रसामग्रीच्या देखभालीचेच आहे. ज्यांच्या अचानक बिघाडाने धोका उद्भवेल ती यंत्रे कंपनीने ओळखून ठेवावीत, असे ते बजावते. नियमांनी वाट मोकळी केली आहे, पण त्या वाटेवर चालायला नोंदी लागतात.

आणि नोंदींची सुरुवात नमुन्यापासून होते. नमुना चालू यंत्रातून, तेल गरम आणि फिरते असताना घ्यावा. जागा दर वेळी तीच हवी आणि ती फिल्टरच्या आधीची असावी, कारण फिल्टर पुरावा गिळतो. कॉक उघडल्यावर आधी साचलेले तेल वाहू द्यावे आणि मगच स्वच्छ, कोरडी बाटली धरावी. टाकीच्या तळातून किंवा फिल्टरच्या निचऱ्यातून घेतलेला नमुना गाळाची बातमी देतो. यंत्राबद्दल तो फारसे काही सांगत नाही. बाटलीवर यंत्राचे नाव, तारीख, यंत्राचे एकूण तास, तेलाचे तास आणि मागच्या नमुन्यानंतर किती लिटर नवे तेल घातले, हे लिहावे लागते. शेवटचा तपशील सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि त्याच्याविना बाकीच्या आकड्यांचा अर्थ डळमळतो. हजार लिटरांच्या तेलटाकीत मध्येच पाचशे लिटर तेल बदलले गेले असेल, तर लोहाचा उतरलेला आकडा यंत्र सुधारल्याचे लक्षण नव्हे.

आकडा एकटा काय सांगतो आणि मालिका काय सांगते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका जनरेटर इंजिनाच्या तेलात लोहाचे प्रमाण सलग चार नमुन्यांत दशलक्ष भागांत १२, १४, १३ आणि १५ आले आणि पाचव्यात २४. चोवीस हा आकडा धोक्याच्या छापील मर्यादेच्या आत असू शकतो आणि अहवालावर हिरवी खूण असू शकते. पण या इंजिनाची स्वतःची रीत मोडली आहे. क्रोमियमही थोडे वाढले असेल, तर रिंगांकडे पाहावे. सिलिकॉनही चढले असेल, तर हवेच्या फिल्टरकडे. कथील आणि तांबे वाढले असतील, तर बेअरिंग उघडण्याची तयारी करावी. काहीच जोडीला नसेल, तर पहिले काम म्हणजे नमुना पुन्हा घेणे. दोनदा तीच गोष्ट सांगणाऱ्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हरकत नाही. कारखान्याने दिलेल्या मर्यादा सुरुवातीला उपयोगी असतात, मात्र काही वर्षांच्या नोंदींनंतर त्या यंत्राची स्वतःची पातळी हीच खरी मर्यादा होते.

प्रयोगशाळेचा अहवाल जहाजापर्यंत यायला वेळ लागतो. बाटली पुढच्या बंदरात उतरते, कुरिअरने जाते, आणि उत्तर येईपर्यंत जहाज दुसऱ्या समुद्रात असते. म्हणून जहाजावर छोटा चाचणीसंच ठेवतात. त्यात पाण्याचे प्रमाण रासायनिक क्रियेतून वाढणाऱ्या दाबावरून, बेस नंबरही तशाच रीतीने आणि दाटपणा नव्या तेलाशी तुलना करून कळतो. टिपकागदावर तेलाचा थेंब टाकून पसरू दिला, तर मधला काळा गोळा आणि त्याभोवतीचे वलय काजळीचे प्रमाण आणि तिला विखरून ठेवण्याची तेलाची ताकद सांगतात. हे संच प्रयोगशाळेइतके अचूक नसतात, पण उत्तर त्याच दिवशी देतात. अलीकडे तेलाच्या नळीतच पाणी आणि धातूचे कण मोजणारे सेन्सर बसतात आणि त्यांचे आकडे थेट किनाऱ्यावरच्या कार्यालयात उमटतात. सेन्सर मात्र स्वतःही बिघडतो. त्याचा आकडा अधूनमधून बाटलीच्या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो.

तेलाची साक्ष कोठे संपते, हेही जाणून घेणे आवश्यक आहे. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमध्ये थकव्याने पडणारी चीर तेलात काहीच सोडत नाही. असे बोल्ट ठरलेल्या तासांनी बदलणे हेच योग्य, आणि तेथे जुनी रीत टिकून आहे. क्रँककेसमध्ये एखादा भाग तापला, तर तेलाची वाफ होऊन पांढरे धुके बनते आणि ठिणगी मिळताच त्याचा स्फोट होतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी उत्तर आयर्लंडजवळ ‘रेइना देल पॅसिफिको’ या प्रवासी जहाजाच्या चाचणीफेरीत असाच स्फोट होऊन २८ माणसे मेली. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना येथे कामाचा नाही. म्हणूनच मानवरहित इंजिनरूमच्या जहाजांवर २,२५० किलोवॅट वा अधिक शक्तीच्या किंवा ३०० मिलिमीटरहून मोठ्या व्यासाच्या सिलिंडरच्या इंजिनांना तेलाचे धुके ओळखणारे यंत्र, बेअरिंगचे तापमान पाहणारी व्यवस्था किंवा त्यांच्या तोडीचे दुसरे उपकरण समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानेच सक्तीचे केले आहे. याहून साधा धडा ‘व्हायकिंग स्काय’ने दिला. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या हुस्टाडविका भागात, वादळात, १,३७३ माणसांसह हे जहाज वीज आणि वेग गमावून खडकांकडे वाहत गेले. इंजिनांच्या तेलटाक्यांतली पातळी शिफारशीपेक्षा कमी होती. जहाज डोलू लागल्यावर पंपांना तेल मिळेनासे झाले आणि इंजिने एकामागून एक बंद पडली. तेलाचा गुण कितीही उत्तम असो, ते पुरेसे आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

शेवटी हा सगळा कारभार माणसांच्या हाती येतो. जहाजावरचा चीफ इंजिनिअर काही महिन्यांच्या करारावर असतो. त्याच्यानंतर येणाऱ्याला यंत्राची जुनी सवय ठाऊक नसते. त्याला ती नोंदवहीतून कळते किंवा कळतच नाही. किनाऱ्यावरच्या सुपरिंटेंडंटकडे आकडे असतात, पण गेल्या आठवड्यात प्युरिफायर दोन दिवस बंद होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रयोगशाळेला यंत्र दिसतच नाही; तिच्यापुढे फक्त बाटली असते. या तिघांची माहिती एका ठिकाणी आली, की निदान होते. ती विखुरलेली राहिली, तर सर्वांत महागडी उपकरणेसुद्धा फाइल जाड करण्यापलीकडे काही करत नाहीत. यंत्र उघडायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय अहवाल घेत नाही. तो घेणाऱ्याने अहवाल, नोंदवही आणि स्वतःचे डोळे-कान तिन्ही वापरावेत, एवढीच या पद्धतीची मागणी आहे.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने सुरुवात सेन्सरांपासून न करता आपल्या ताब्यातल्या एका यंत्रापासून करावी. त्याच्या मागच्या दोन वर्षांचे अहवाल तारखेने लावावेत, प्रत्येक आकड्याशेजारी तेव्हाचे तास आणि घातलेले तेल लिहावे आणि रेषा काढून पाहावी. पुष्कळ ठिकाणी ही रेषा काढताच येणार नाही, कारण तास किंवा घातलेल्या तेलाची नोंदच नसेल. नमुन्याची बाटली शंभर-सव्वाशे मिलिलिटरची असते आणि तिच्यावरचे लेबल भरायला दोन मिनिटे लागतात. स्थितीनुसार देखभालीची पहिली पायरी ते लेबल पूर्ण भरणे हीच आहे.